बेंबीवरचे पारवे

माझ्या नवऱ्याला, मितवल्लीला, सगळं गाव देवमाणूस म्हणतं. म्हणू दे. गावाला त्याच्याशी संसार करायचा नाहीये.

आमच्या घरामागे पारव्यांचा मातीचा मनोरा आहे, त्याच्या बापाने बांधलेला. कोणाला कावीळ झाली की आधी मितवल्लीला बोलावणं येतं, डॉक्टरचा नंबर मागाहून. हा रोग्याच्या बेंबीवर पारवा दाबून धरतो. थोड्या वेळात पारवा मरतो. "ओढलं बघा विष!" म्हणतो. रोगी खूश, घरचे खूश. पारव्याला कोण विचारतो?

लहानपणी कालव्यात डुंबणाऱ्या पोरांना रक्ताची लघवी व्हायची. त्यावरचं औषध तेव्हा सगळ्यांना एकाच सुईने टोचत. त्यातून निम्म्या गावाच्या यकृतात काविळीचा तो 'सी' विषाणू, हिपॅटायटिस सी, शिरला, याच्याही. आता गोळ्या आल्या आणि सी गेला. त्या दिवशी याने अख्ख्या गल्लीला सरबत पाजलं.

डॉक्टरीणबाई निवीन मात्र बजावत होत्या, "सी गेला, पण 'बी' म्हणून दुसरा विषाणू असतो. साध्या तपासणीत दिसत नाही, यकृतात लपून बसतो. सी होता तोवर दबून असला तर आता डोकं वर काढेल. रक्त तपासायला येत राहा."

घरी येऊन हा म्हणाला, "गेला म्हणजे गेला! धुतलेलं घर रोज कोण झाडतं?"

"मी झाडते," मी म्हटलं. ऐकतोय कोण!

उन्हाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी. हा आपला काविळीवर उतारा म्हणून वाडगाभर काकवी खाऊन स्वतःच्याच बेंबीवर पारवे धरत बसला. पारवे मरत गेले, डोळे पिवळेच.

"बघ उम्म वफीक, किती विष निघतंय!" तो म्हणाला. वफीकची आई म्हणून मला हीच हाक.

"अहो, दवाखान्यात चला. पाया पडते तुमच्या."

"मनोऱ्याचा मालकच दवाखान्यात गेला तर लोक काय म्हणतील?"

"लोक जनाज्याला येतील ना, तेव्हा विचारा त्यांना!"

हसला. पालथ्या घड्यावर पाणी. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त संताप येत होता. उद्या हा मेला असता तरी गावाने देवमाणूसच म्हटलं असतं.

शेवटी मी मनोऱ्यातून एक धडधाकट पारवा आणला, त्याच्यासमोर आडवी झाले, आणि तो धरतो तसाच माझ्या बेंबीवर घट्ट दाबला. मला काही झालं नव्हतं. पारवा तडफडला आणि मान टाकून मेला.

"दिसलं?" मी म्हणाले. "तुमच्या मुठीत गुदमरून मरतात ते. विषबिष काही नाही!"

मितवल्लीचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, पडला उजेड एकदाचा.

"या खुदा," तो म्हणाला, "तुलाही लागण झाली!"

मी कपाळावर हात मारेपर्यंत हा अनवाणीच धावला आणि शेजाऱ्याची गाडी घेऊन आला. स्वतःसाठी जो उंबरा ओलांडत नव्हता, तो दवाखान्यात ओरडत शिरला, "आधी हिला बघा!"

"दोघांचंही रक्त घ्या," मी निवीनबाईंना म्हटलं. "यांचं आधी."

बी निघाला तो त्याच्यात. बाईंनी गोळ्या सुरू केल्या. म्हणाल्या, "फार उशीर केलात. यकृत किती सावरेल, आज सांगता येत नाही." माझं रक्त स्वच्छ होतं. मला लस टोचली.

मी स्वच्छ आहे हे ऐकल्यावर तो तिथेच जमिनीवर बसून ढसाढसा रडला. स्वतःचं काय होणार, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा.