राहिलेलं एक पान

चिंध्या टाकायच्या नाहीत, असा आमच्या शिवणमंडळाचा रूल होता. चिंध्या टोपलीत साठत गेल्या आणि त्यांच्यासोबत हे किस्सेही. चिंध्यांच्या गोधड्या झाल्या. किस्से अजून तसेच पडून आहेत!

नंदुरबारला मिशनच्या देवळामागच्या पडवीत आम्ही सातआठ जणी बुधवारी आणि शनिवारी जमायचो. मी नगरकडची, लग्न होऊन इकडे आलेली. मास्तर, म्हणजे आमचे हे, मिशनच्या शाळेत शिकवायचे. मंडळात सगळ्यांत मोठ्या राहेलआजी. धानोऱ्याहून बैलगाडीने यायच्या, बोलायच्या अहिराणी. दुसरा रूल त्यांचाच: संध्याकाळची घंटा झाली की सुई आहे तिथेच टोचायची आणि उठायचं. टाका अर्धा असला तरी!

मला हे मुळीच सोसायचं नाही. चूल सारवायला घेतली तर ती पुरी सारवल्याशिवाय मी पाणीसुद्धा पीत नसे.

*

मिटिंगची सुरुवात प्रार्थनेने. एका बुधवारी पाळी मार्थाबाईंची. त्यांनी मिशनपासून सुरुवात केली, मग पाळकसाहेब, मग आजारी माणसं, मग सगळं माहेर नावानिशी. आमचे गुडघे दुखायला लागले. शेवटी ‘आमेन’ झालं, आम्ही सुया उचलल्या, आणि टण्ण! घंटा!

मी म्हटलं, “जाऊ द्या. शिवण नाही, पण प्रार्थना तरी पुरी झाली.”

मार्थाबाई हळहळल्या, “पुरी कुठे? मामांची म्हैस राहिलीच!”

*

मिशनच्या गोऱ्या मिसबाईंनी प्रभुभोजनाच्या मेजासाठी पांढरा रुमाल भरायला दिला. सांगितलं, “चारी बाजूंनी द्राक्षवेल, मध्ये मध्ये घोस.” घोस राहेलआजींकडे आले. आजींनी जन्मात द्राक्ष पाहिलं नव्हतं. पण विचारायचं कशाला? महिनाभर मान खाली घालून त्यांनी घोस भरले.

पाळकसाहेब बघायला आले आणि चष्मा पुसायला लागले. पिवळट, टपोरी, खाली तोंड केलेली फुलं. मोहाची! ज्या मोहाची दारू सोडा म्हणून ते दर रविवारी घसा कोरडा करायचे, तो मोह प्रभूच्या मेजावर!

“आजी, ही द्राक्षं?”

“हां! आमनाकडे रस याच फुलेसना व्हस!”

पाळकसाहेब काही बोलायच्या आत मिसबाई म्हणाल्या, “ब्युटिफुल!” त्यांनी मोह पाहिलाच नव्हता. घोस राहिले.

*

त्याच सुमारास दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आजींची नजर फार दिवस टिकणार नाही. रुमाल पुरा झालेला आजींनी बघायलाच हवा! मी गुडघ्यावर बसून वचन दिलं: प्रभू, ईस्टरच्या आत रुमाल पुरा करीन, आणि तो पुरा होईपर्यंत गुळाचा कण तोंडात घालणार नाही. मंडळात कळलं तेव्हा पाळकीणबाई म्हणाल्या, “अगं, आपल्यात नवस नसतो.” मी म्हटलं, “नवस नाही हो. वचन!”

समोर दिसला तर मोह व्हायचा, म्हणून घरात गूळ आणायचाच बंद केला. आठवडा गेला. मास्तर कप खाली ठेवून म्हणाले, “वचन तू दिलंस ना? मग प्रभूने माझा चहा का फिका केला?”

*

काम पुढे सरकलं, पण ईस्टरही जवळ येत होता. घंटा झाली की मी उरलेली पानं मोजायची. एकदा मी आजींना शास्त्रच ऐकवलं, “आजी, देवानेसुद्धा आधी सगळं काम पुरं केलं आणि मग सातव्या दिवशी विसावा घेतला!”

आजींनी सुई टोचली. “पुरं करं? मंग मन्ही सून अशी अर्धी कशी ऱ्हायनी?”

सून शेजारीच बसली होती. सगळ्यांत आधी तीच हसली!

*

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सगळी वेल झाली होती. राहिलं होतं एक पान. ते आजींनी स्वतःसाठी ठेवलेलं. आता त्यांना नुसते रंग दिसायचे. नाकाशी कापड धरून त्या हिरवा दोरा ओढत होत्या. पानाचा देठ झाला आणि घंटा झाली.

आजींनी सुई टोचली.

“आजी, एकच पान! दहा मिनिटांचं काम!” मी सुईला हात घातला. आजींनी माझं मनगट धरलं. “ऱ्हाऊ दे, बेटा. काम देवनं शे. तो पाही लेई.”

मी घरी जाऊन रडले. मास्तरांनी फिका चहा करून दिला.

सकाळी मेजावर रुमाल पसरलेला. कोपऱ्यात नुसता देठ, दोरा लोंबता, सुई तशीच. मी वर बघेना. उपासना संपल्यावर आजी मेजाशी गेल्या आणि मला हाक मारली. वाकून, कडेकडेने बोट फिरवत त्यांनी सगळी वेल चाचपली. पानं, मोहाचे घोस, पुन्हा पानं. त्या कोऱ्या जागेवर बोट थांबलं. त्या हसल्या.

“हाई पान उगनं नही अजून!”

मग पदराची गाठ सोडून गुळाचा खडा काढला.

“तोंड उघाड.”

मी उघडलं.