आधी किंकाळी, मग बोलणं

मिलिंदचा फोन ओळखायला सोपा होता. उचलला की पलीकडे कोणी बोलत नसे. रिसीव्हरवर नखाने दोनदा टकटक व्हायची. मग मीच गावभर हाणलेल्या थापा त्याला ऐकवायचो. आवडली की एक टक्, फारच झाली की सलग चार. गेल्या महिन्यात फोन उचलला, टकटकीची वाट पाहिली... आणि पलीकडून त्याच्या बायकोचा, सुनंदाचा आवाज आला. ती काही सांगायच्या आतच मला कळलं.

दहा वर्षांपूर्वी हा माणूस आर्वीच्या बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायचा. आवाज इतका मऊ, की वर्ध्याची गाडी लागल्याचं ऐकून लोक पुढची घोषणा ऐकायला थांबत आणि तेवढ्यात गाडी निघून जाई. सुट्टीच्या दिवशी तोच माणूस मित्रांच्या मेटल बँडमध्ये पोटातून असा ओरडायचा, की नालवाडीतल्या माझ्या स्टुडिओचे पत्रे एकदा जे वर गेले ते पोळ्यापर्यंत खाली आले नाहीत. माझा स्टुडिओ म्हणजे भजनं आणि निवडणूक प्रचाराच्या कॅसेटी. पहिल्या दिवशी भजनीबुवांना करतो तसा त्याला माइकपासून वीतभर अंतरावर उभा केला. मीटरची सुई लाल पट्टीत जाऊन आपटली आणि शेजारच्या काकूंनी शिट्टी समजून कुकर उतरवला. शेवटी भिंतींना गोधड्या टांगल्या, माइक चार हात लांब नेला, तेव्हा कुठे तो आवाज फितीत मावायला लागला.

मी वाढवून सांगतो, हे सगळ्या वर्ध्याला ठाऊक आहे. पुढचं मात्र कमीच करून सांगतोय.

एका शनिवारी तो सुनंदाला घेऊन आला. तिला सातवा महिना होता.

"दादा, सोमवारी आपरेशन हाय. गाठ निघाली गळ्यात. आवाजाची पेटीच काढून राह्यले."

"मंग गळ्याले आराम दे ना, बाबू."

"कोनासाठी? सोमवारी तं सगळंच चाललं."

त्याला दोन गोष्टी फितीवर हव्या होत्या. एक त्यांच्या बँडचं गाणं, आणि एक पोटातल्या लेकरासाठी चार शब्द. सुनंदा म्हणाली, "आधी लेकराचं घ्या, दादा." आणि मी, मोठा जाणकार, म्हणालो, "ताज्या गळ्यानं किंकाळी होऊ दे. बोलनं काय, दोन मिन्टाचं काम."

एकोणीस टेक झाले. दर टेकआधी तो कोमट पाण्याचा घोट घ्यायचा, दोन्ही हात पोटावर दाबायचा आणि विचारायचा, "दादा, घेऊ का?" एकोणिसावा असा आला, की मी वेड्यासारख्या टाळ्या पिटल्या. मग माइक जवळ ओढला, त्याला खुर्ची दिली. तो म्हणाला... नाही, म्हणाला नाही. नुसते ओठ हलले. सुई जागची हलली नाही. पाणी दिलं, मध चाटवला, तासभर थांबलो. नुसती हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात भरती केला, तेव्हाही हवाच. सुनंदाने मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात त्याची नऊ वर्षांची प्राची आली. "काका, बाबा बोलत कसे होते?"

टेकच्या मधलं बोलणं पुसून टाकायची माझी जुनी सवय, फीत वाचते म्हणून. तीन दिवस सगळ्या फिती ऐकल्या. अठरा ठिकाणी थेट किंकाळी. फक्त एकोणिसाव्याआधीचं, टाळ्यांच्या नादात, पुसायचं राहून गेलं होतं.

तिला त्याच खुर्चीवर बसवलं. "दादा, घेऊ का?" ती म्हणाली, पुन्हा लावा. पुन्हा लावलं. पोर घाबरेल म्हणून दर वेळी किंकाळी यायच्या आत मी थांबवायचं बटण दाबत होतो. पाचव्यांदा त्याने विचारलं, "दादा, घेऊ का?"... आणि ती हळूच म्हणाली, "घ्या ना, बाबा."

मी बटणावरचं बोट उचललं.