पूनमसिंगचा दंड

दिग्रसला एका जिनिंगमध्ये मी काट्यावर होतो. हंगामात कापसाने भरलेल्या बैलबंड्या फाटकाबाहेर दूरपर्यंत लागायच्या आणि मी एकेक तोलून आत सोडायचो. काट्यावर बसणाऱ्या माणसाचा जगावरचा विश्वास लवकर उडतो. वर कोरडा कापूस आणि खाली ओला, मधेच सरकी, क्वचित एखादा गुळगुळीत दगड, असले सगळे प्रकार माझ्या हाताखालून गेले होते. त्यामुळे पूनमसिंग राठोड नावाचा बंडीवाला ख्रिस्ती झाला हे ऐकल्यावर मी पहिला प्रश्न केला, "काय मिळालं म्हणे त्याले?"

काहीच मिळालं नव्हतं. बंडी तीच होती, बैल तेच होते. दिग्रसपासून कोसभरावर बंजाऱ्यांचा तांडा होता, तिथला तो. आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचा, नातू लोकांचा कापूस वाहायचा. उंच, हाडापेराने मोठा, डोक्याला लाल पागोटं. बोलायचं म्हटलं की याच्या जिवावर यायचं. त्याच्या कापसात मला कधी दगड सापडला नाही, हेही सांगून टाकतो, कारण मी शोधला होता.

ख्रिस्ती होण्याचं कारण म्हणजे सदाशिवराव उपदेशक. माझ्या खोलीला लागूनच त्यांची खोली आणि मागे टिनाच्या छपराचं प्रार्थनामंदिर होतं. त्यांच्या वडिलांनी धर्म बदलला, पोराचं नाव बदलायचं मात्र राहून गेलं, असं मी त्यांना चिडवायचो आणि ते हसायचे. पूनमसिंगला मुदतीचा ताप आला तेव्हा हा माणूस रोज सायकल हाणत तांड्यावर जायचा, उशाशी बसायचा, पेज पाजायचा. बरा झाल्यावर पूनमसिंगने विचारलं, "मास्तर, कायले करता एवढं?" सदाशिवरावांना तेवढं निमित्त पुरे होतं. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यात पूनमसिंग आणि त्याची बायको भुरीबाई नदीच्या डोहात उतरली आणि बाप्तिस्मा घेऊन वर आली. धाकटा भाऊ किसनसिंग काठावर पागोटं धरून उभा होता. त्याला धर्माचं काही सोयरसुतक नव्हतं. भाऊ भिजतो आहे, निदान पागोटं भिजू नये, एवढीच त्याची काळजी.

पुढचं कळण्यासाठी तांड्याची नसाब माहीत हवी. नसाब म्हणजे त्यांची पंचायत. नायक शंकरसिंग झाडाखाली बसायचा, भोवती कर्ते पुरुष. गुन्हेगाराने मात्र दूर, सगळ्यांनी काढून ठेवलेल्या जोड्यांजवळ बसायचं. गुन्हा कबूल झाला की नायक दंड सांगायचा, बहुतेक वेळा बोकड, आणि विचारायचा, "दंड कोण भरते?" बोकड कापला जायचा, शिजायचा, आणि पहिला तुकडा नायक स्वतः गुन्हेगाराच्या हातावर ठेवायचा. त्याने तो खाल्ला की गोष्ट मिटली, पुन्हा तोंडातून काढायची नाही. ज्याला दंडच सांगितला जात नाही, तो मात्र कायमचा गेला. त्याने जोड्यांजवळूनच घरी जायचं आणि घरूनही दुसऱ्या गावी जायचं.

किसनसिंगने एकदा नशेत तांड्याच्या कारभाऱ्यावर हात उचलला होता. बाप्तिस्म्याच्या फार आधीची गोष्ट. दंड बोकडाचा पडला, किसनसिंगच्या दावणीला शेळीचं पिल्लूही नव्हतं. "दंड कोण भरते?" नायकाने विचारलं आणि पूनमसिंग उठून म्हणाला, "मी." बोकड शिजला, पण किसनसिंगला लाजेने घास गिळवेना. तेव्हा पूनमसिंगने त्याची मान धरून त्याला पानावर बसवलं, म्हणाला, "माह्या बोकडाले नाही म्हणतं काय?" हे मला किसनसिंगनेच सांगितलं. तोही जिनिंगला बंडी आणायचा आणि भावापेक्षा दसपट बोलायचा.

आता अठ्ठावन्न सालचा उन्हाळा. पूनमसिंगची पोरगी जमनी लग्नाची झाली होती, सोयरीक ठरत आली होती. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं की बाप ख्रिस्ती आहे. नसाब बसली. सदाशिवरावांनाही बोलावलं, कारण आरोप होता की या माणसाने भोळ्या माणसाला फसवून बाटवलं. नायकाने पूनमसिंगला सरळ विचारलं, "तू ख्रिस्ती झाला का?"

पूनमसिंग म्हणाला, "नाही."

"मंग नदीत कायले उतरला होता?"

"मले ताप होता. शुद्ध नव्हती. मास्तरनं आंग धुवून देलं. माह्याशी त्याचा काही संबंध नाही."

सदाशिवराव तिथेच उभे होते. ते एक शब्द बोलले नाहीत. किसनसिंगही बोलला नाही, आणि त्याने तर पागोटं धरलं होतं. बायकांना नसाबीत कोणी विचारत नाही, म्हणून भुरीबाईवर खोटं बोलायची पाळीच आली नाही. मग कोणीतरी सदाशिवरावांना धक्का दिला, ते पडले, चष्म्याची एक काच फुटली आणि तांड्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही अशी ताकीद मिळून ते चालत दिग्रसला आले, कारण सायकल कोणीतरी विहिरीत टाकली होती. जमनीचं लग्न थाटात झालं.

मी सदाशिवरावांना म्हणालो, "बघा, मी सांगत होतो." त्यांनी फुटक्या चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्याची पोरगी होती हो." पुढे किती दिवस ते एकाच काचेतून वाचत होते. मला त्यांचा रागच आला. माणसाने इतकं बिनरागाचं असू नये.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी पाहतो तर भुरीबाई प्रार्थनेला आली होती, आणि तिच्यामागे पूनमसिंग. ती आत जाऊन बायकांत बसली. हा दाराबाहेर, चपला-जोड्यांच्या ढिगाजवळ बसला. सदाशिवराव धावत बाहेर आले. "आत या, पूनमसिंग. देवानं क्षमा केली आहे, मीही केली आहे." पूनमसिंगने नाही म्हणून मान हलवली. मग विचारलं, "मास्तर, नसाब कधी बसते?"

सदाशिवरावांना वाटलं, तो तांड्याच्या नसाबीबद्दल बोलतो आहे. ते म्हणाले, "आता कसली नसाब? ते सगळं विसरा."

इथेच सगळा घोटाळा झाला. पूनमसिंग देवाच्या नसाबीबद्दल विचारत होता. त्याच्या हिशेबी त्याने देवाला नसाबीसमोर नाकारलं होतं, तर देवाच्या माणसांनी बसावं, गुन्हा सांगावा, दंड सांगावा. तो दर रविवारी त्यासाठी जोड्यांजवळ येऊन बसायचा. आतले लोक गाणी म्हणायचे, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन व्हायचं, प्रभूने सगळ्यांसाठी जीव दिला त्याची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षाचा रस हातोहात फिरायचा, आणि बाहेर आल्यावर सगळे हसून "कसं काय पूनमसिंग?" म्हणायचे. कोणी रागावेना, कोणी दंड सांगेना. ते बिचारे प्रेमाने गप्प राहत होते. पूनमसिंग त्यातून एकच अर्थ काढत होता: दंड सांगत नाहीत, म्हणजे मी कायमचा गेलो.

तो वाळायला लागला. काट्यावर येई तेव्हा कापसावर हात ठेवून नुसता उभा राही. मी एकदा वैतागून म्हणालो, "अरे, ते आत बोलावून राह्यले तर जाऊन बस ना! कायले जीव खातं स्वतःचा?" त्यावर तो म्हणाला, "बाबू, बोलावून राह्यले, पण मिटवून नाही राह्यले." मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. इतरांचे कारभार समजून घेण्याचा मला कंटाळा होता.

अशी दोन वर्षं गेली. मग साठ साली पोळ्यानंतर आलेला महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. मी ओट्यावर राखेने दात घासत होतो. रस्त्याने भुरीबाई येत होती आणि तिच्यामागे पूनमसिंग एक काळा बोकड ओढत होता. बोकड मात्र देखणा. अंगावर तेल चोपडल्यासारखी चमक आणि कानाच्या टोकाला पांढरा ठिपका. दंड कोणी सांगत नाही म्हटल्यावर पूनमसिंगने तो स्वतःच ठरवला होता. त्याने बोकड मंदिराच्या खिडकीच्या गजाला बांधला आणि आपल्या जागी, जोड्यांजवळ, बसला. बोकडाने लगेच सदाशिवरावांच्या झेंडूंना तोंड लावलं.

सदाशिवराव नव्या चष्म्यासकट बाहेर आले. "हे काय?"

"दंड आणला, मास्तर."

"इथं बोकड चालत नाही, पूनमसिंग. आपल्यात बळी देत नाहीत. घेऊन जा तो परत."

खरं होतं ते, पण यापेक्षा वाईट बोलणं त्यांना सुचलं नसतं. पूनमसिंग उठला. एवढा मोठा माणूस, पण त्याचा चेहरा असा झाला की मी तोंडातली राख थुंकायची विसरलो. दंडसुद्धा घेत नाहीत. तो मुकाट्याने गजाची गाठ सोडायला लागला.

तेवढ्यात भुरीबाई आतून उठून दारात आली. घागऱ्याचा घोळ एका हाताने सावरलेला, दुसरा हात चौकटीवर. दोन वर्षं ती रोज त्याच्या शेजारी जेवत होती, निजत होती आणि काही बोलली नव्हती. ती सदाशिवरावांकडे न पाहता नवऱ्याला म्हणाली, "किसनचा दंड कोणं भरला होता?"

पूनमसिंगचे हात गाठीवर थांबले. "मी."

"अन् तो जेवत नव्हता तवा तुमी काय केलं?"

तो बोकडाकडे पाहायला लागला.

"मान धरून बसवला त्याले. माह्या बोकडाले नाही म्हणतं काय म्हणे. मंग तुमचा दंड ज्यानं क्रुसावर जीव देऊन भरला, त्याले दोन वर्सं झाले नाही काहून म्हणून राह्यले तुमी? तो काय वंगाळ वाटते तुमाले?"

सदाशिवराव उपदेशाचा धंदा करणारे, पण त्यांनी या वेळी शहाणपणा केला आणि काहीच बोलले नाहीत. ते आत गेले, मेजावरची ताटली घेतली आणि पुन्हा दाराशी आले. भोजनाला अजून वेळ होता, गाणीही झाली नव्हती. त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडला आणि पूनमसिंगच्या हातावर ठेवला.

पूनमसिंग त्या तुकड्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने खाल्ला. खाता खाता तो रडायला लागला, लहान लेकरासारखा, तोंडात घास तसाच, आणि बायकोने त्याला हाताला धरून आत नेलं. मी देवाच्या नादी लागणारा माणूस नाही, आजही नाही. पण त्या सकाळी मला त्याचा हेवा वाटला. माझ्यासाठी कोणी काही भरलं असेल आणि मीही कुठल्या तरी दाराशी बसून असेन, असं वाटून जीव कासावीस झाला. मग मी तोंड धुतलं.

बोकड तिथेच होता. पूनमसिंग बाहेर आला आणि मला म्हणाला, "बाबू, तांड्यावर चालता का? कोणीतरी बाहेरचा पाहिजे." कशाला ते मी विचारलं नाही. रविवार होता, काटा बंद होता.

संध्याकाळी नसाब बसली. त्याने स्वतः नायकाला सांगून बसवली. तो जोड्यांजवळ उभा राहून म्हणाला, "मी खोटं बोललो. मले ताप नव्हता. मी आपल्या पायानं नदीत गेलतो. मी ख्रिस्ती हाव. मास्तरवर नाहक आळ आणला."

शंकरसिंग नायक म्हातारा झाला होता. त्याने विचारलं, "मंग तवा काहून नाही बोलला?"

"भेलो."

"आता भेत नाही?"

"भेतो, नायक. पण जेवून आलो."

नायकाला काय कळलं, देव जाणे. तो बराच वेळ जमीन उकरत बसला. लोकांत कुजबुज झाली, जमनीच्या सासरचा उल्लेख झाला, दोघेतिघे उठून गेले आणि पुढे त्यांनी पूनमसिंगच्या घरचं पाणी वर्षानुवर्षं घेतलं नाही. शेवटी नायक म्हणाला, "देव कोणता धराचा ते तुहं तू पाह्य. माह्यापाशी त्याचा दंड नाही. पण नसाबीत खोटं बोलला. बोकड." आणि रीतीप्रमाणे विचारलं, "दंड कोण भरते?"

पूनमसिंगने हातातली दोरी पुढे केली. तो तोंड उघडणार तोच मागून आवाज आला, "मी."

किसनसिंग होता. इतका बोलका माणूस, पण पुढे त्याला शब्द सापडेना. "पागोटं मी धरलं होतं," एवढंच म्हणाला, आणि आपल्या दावणीचा बोकड आणायला निघून गेला.

पूनमसिंग दोरी धरून उभा राहिला. मला वाटलं, आता हा हट्ट करेल, म्हणेल मी आणला आहे ना. तो काही बोलला नाही. किसनसिंगचा बोकड शिजला, नायकाने पहिला तुकडा हातावर ठेवला आणि पूनमसिंगने तो निमूटपणे खाल्ला. नंतर पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो विहिरीत उतरला आणि गंजलेली सायकल वर काढून सदाशिवरावांच्या दाराशी ठेवून गेला. ती पुन्हा कधी चालली नाही.

पांढऱ्या ठिपक्याच्या बोकडाला मात्र भुरीबाईने नंतर कोणाला हात लावू दिला नाही. देवानेही घेतला नाही, तांड्यानेही घेतला नाही, आता मी कायले देऊ, असं ती म्हणायची. तो बंडीमागे बांधलेला दिग्रसला यायचा, जिनिंगच्या फाटकात सरकी खायचा आणि माझ्या काट्यावर उभा राहायचा. सदुसष्टच्या थंडीत तो गेला. यवतमाळ जिल्ह्यात म्हातारपणाने मेलेला बोकड मी तेवढा एकच पाहिला.