सोबतीचं माणूस

"तुझी आई उत्तम करते गं. फर्स्टक्लास. पाठीला एक जखम नाही. मी लिहून टाकलं, बाहेरच्या माणसाची गरज नाही."

डॉक्टरसाहेब हे बोलले तेव्हा माझ्या हातात मेजरसाहेबांचं शौचाचं भांडं होतं. वर फडकं टाकलेलं. मागच्या खोलीतून संडासाकडे जायचं तर व्हरांड्यातूनच जावं लागे. व्हरांड्यात पाहुणे बसलेले. चहा, बटाट्याची भजी. डॉक्टरसाहेब लष्करातून निवृत्त झालेले. अपंग सैनिकांना घरी जाऊन तपासायचं आणि कुणाला सोबतीच्या माणसाचा भत्ता द्यायचा ते सरकारला कळवायचं, हे काम त्यांच्याकडे होतं. आठवड्यापूर्वीच ते आमच्या घरी येऊन माझ्या बापाला बघून गेले होते.

बाईसाहेब, मेजरसाहेबांची बायको, हसून म्हणाल्या, "बघा, यांच्या बायकांना जमतं. मला नाही बाई जमत. मला नुसत्या वासानंच मळमळतं."

"त्यांना सवय असते," डॉक्टरसाहेब म्हणाले.

सगळे हसले. मी भांडं धरून तशीच उभी.

"अगं, ने ना ते आधी," कुणीतरी म्हणालं.

मी नेलं.

त्या घरात मी सोबतीचं माणूस होते. वय विशीच्या आतलं. मेजरसाहेबांना लढाईत कण्यात गोळी लागलेली, कमरेखालचं अंग गेलेलं. त्यांचं करायला माणूस ठेवता यावं म्हणून सरकार भत्ता देत असे. त्यातून माझा पगार. त्यांना उलटं-सुलटं करायचं, पुसायचं, धुवायचं, सगळं माझ्याकडे. साहेबांची घाण माझ्या हातांनी चाले. पाण्याच्या माठाला हात लावलेला चालत नसे. प्यायला पाणी मोरीपाशी, वरून ओतून.

बाबाही त्याच लढाईत पडले. साधे शिपाई. त्यांचंही कमरेखालचं अंग गेलं. मेजरसाहेब पनवेलच्या बंगल्यात आले आणि बाबा रेल्वेलाइनच्या पलीकडे, आमच्या वस्तीतल्या खाटेवर. तिथे सोबतीला आई. रोज त्यांना उचलायचं, कूस बदलायची, कपडे धुवायचे. कपडे धुवायला ती नळावरची गर्दी सरेपर्यंत थांबे, बायका नाक दाबत म्हणून. उचलून उचलून तिचं अंग, गर्भाशय, बाहेर आलं होतं. कमरेला फडकं करकचून बांधायची आणि परत उचलायची. दवाखान्यात जायचं तर बाबांजवळ कोण बसणार?

मला बाईसाहेबांचा हेवा वाटायचा. हेवा हा शब्द फार सोवळा. मी जळायचे.

त्यांच्या साड्या, फ्रीज, रंगीत टीव्ही, सगळं डोळ्यांसमोर असे. त्याने जळत नव्हते. जळायचे दुपारी. मी साहेबांना आंघोळ घालायची, पावडर लावायची, इस्त्रीची चादर घालायची. मग बाईसाहेब आत यायच्या. खुर्ची ओढून जवळ बसायच्या. पेपर वाचून दाखवायच्या. पत्ते खेळायच्या. साहेब मुद्दाम चुकीचं पान टाकायचे आणि त्या लटक्या रागाने त्यांच्या हातावर चापट मारायच्या. मी दाराशी बादली घेऊन बघत राहायची.

आईबाबांना असं बसलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. आईचा हात दिवसभर बाबांच्या अंगाला लागलेला. पण मायेने लावायला तिला वेळच नव्हता. दिवस मावळेपर्यंत ती एवढी दमे की बाबांवर खेकसायची. "आता परत केलास? आत्ताच तर धुतला तुला!" बाबा भिंतीकडे तोंड करायचे.

मी साफ करून ठेवलेल्या नवऱ्यावर बाईसाहेब प्रेम करायच्या. माझ्या आईला तसा नवरा कधी मिळालाच नाही.

भत्त्याचा नियम शिपायालाही तोच आहे, हे मला त्या बंगल्यातच कळलं. मग मी बाबांना अर्ज करायला लावला. डॉक्टरसाहेब येणार म्हटल्यावर आईने पहाटेपासून घर सारवलं. बाबांची दाढी केली. डोक्याला पलटणीची टोपी घातली. मी म्हटलं, "आये, एवढं कशाला?"

"सायबासमोर घान दिसाया नको," ती म्हणाली. "त्याची इज्जत हाय."

डॉक्टरसाहेब आले. बाबांनी पडल्या पडल्या सॅल्यूट ठोकला. साहेबांनी पाठ बघितली, मान डोलावली, गेले. "सायेब खूश होऊन गेला," म्हणत आई संध्याकाळभर हसत होती.

तो खूश झाला आणि माझ्या आईला बाबांच्या खाटेला कायमची बांधून गेला.

व्हरांड्यातलं ते बोलणं ऐकून मी घरी आले. आईला सांगितलं. तिला पटेना.

"भत्ता नाय?"

"नाय. तू हायस म्हणून नाय."

मग ती म्हणाली, "मेजरच्या बायकोच्या हाताला कसला वास येतो गं?"

"चंदनाच्या साबणाचा."

आईने स्वतःचा हात नाकाशी नेला. मग पदराखाली झाकला.

माझ्या डोक्यात जे पेटलं ते त्या झाकलेल्या हाताने पेटलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. साहेबांना स्वच्छ केलं. त्यांच्याशी माझं काही वाकडं नव्हतं, त्यांना घाणीत ठेवून जायचं नव्हतं. चादर बदलली. हात धुतले आणि बाईसाहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

"उद्यापासून मी येणार नाही."

"का? पगार कमी पडतो?"

"नाही. घरची बाई असली की बाहेरच्या माणसाची गरज नसते. डॉक्टरसाहेबांनीच लिहिलंय. तुम्ही घरच्या बाई आहात."

त्या लालबुंद झाल्या. "तुम्हा लोकांना घरात घेतलं, हेच चुकलं."

"घरात कुठं घेतलं? मोरीपर्यंत घेतलं."

आतून साहेबांचा आवाज आला. "दार ओढून घे."

रागाने म्हणाले की आणखी कशाने, मला आजही माहीत नाही. मी दार ओढून घेतलं.

घरी आईने मला बडवलं. पगार गेला होता, खायचं काय? मी मार खाल्ला आणि म्हटलं, "आता बाबांना कचेरीत न्यायचं." बाबा ऐकेनात. "मी काय भाजीचा हारा हाय, टेम्पोत घालून न्यायाला?" सकाळी आईनेच खाटेच्या दोऱ्या आवळल्या.

वस्तीतल्या एकाचा टेम्पो होता. न्हावा शेव्याचं बंदर नुकतं सुरू झालेलं, रस्ता कंटेनरच्या गाड्यांनी उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला मी बाबांचं डोकं धरत होते. जिल्ह्याच्या गावी पोचलो. सैनिकांच्या कचेरीच्या व्हरांड्यात खाट ठेवली. तिथले साहेब बाहेर आले.

"यांना इथे का आणलं? सोबत कोण आहे यांच्या?"

आई पुढे झाली. जन्मात कधी साहेबाशी बोललेली नव्हती. म्हणाली, "कोन नाय. मी बायको हाय त्याची. सोबतीचं मानूस तुमी द्यायचं हाय."

आणि जाऊन पायरीवर बसली. पाठ फिरवून. मलाही तिने हात धरून बसवलं.

दुपारपर्यंत बाबांचं व्हायचं ते झालं. व्हरांड्यात वास पसरला. कचेरीतले शिपाई नाकाला रुमाल लावून उभे. साहेब ओरडले, "अहो, स्वच्छ करा त्यांना!" आई हलली नाही. तिने पायरीची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. बाबांनी डोळे घट्ट मिटलेले, मिटल्या डोळ्यांतून पाणी. शेवटी साहेबांनी सफाईवाल्याला बोलावलं, नवी तपासणी करू असं तोंडाने कबूल केलं, तेव्हा आई उठली.

त्या दिवसाबद्दल बाबांनी आम्हाला माफ केलं नाही. मीही माफी मागितली नाही.

भत्ता मंजूर झाला. खूप फेऱ्यांनंतर. वस्तीतलाच एक माणूस बाबांचं करायला येऊ लागला. पहिल्या दुपारी आई रिकाम्या हातांनी बाबांच्या खाटेशेजारी बसली. काय बोलावं ते तिला सुचेना. बाबाही छपराकडे बघत राहिले. एवढी वर्षं झाली, दोघांना बोलायची सवयच नव्हती. हळूहळू लागत होती. पावसाळा संपता संपता बाबा गेले.

भत्ता बंद झाला. तो सैनिकाला असतो.

आता आईची कंबर गेली आहे. ती उठत नाही. मी कचेरीत विचारायला गेले. साहेब नवे होते, आवाज गोड होता. "बाई, विधवेला पेन्शन मिळते ना? सोबतीच्या माणसाचा नियम बायकोसाठी नाही."

गोळी बाबांना लागली. आईचं अंगही त्याच गोळीने गेलं, फक्त सावकाश गेलं. सरकारला ते दिसत नाही, कारण ते अंग घरात गेलं, रणात नाही.

मी पनवेल-उरणच्या गावांतून फिरते आहे. सैनिकांच्या विधवा शोधते आहे. कुणाची कंबर गेली, कुणाची नजर. प्रत्येकीला सगळे सांगतात, सून आहे ना, लेक आहे ना. मीही लेक आहे. आईचं मी करते आणि करणार. पण सरकारच्या वाटचं काम मी मायेच्या नावावर खपवून घेणार नाही. या सगळ्या बायकांना घेऊन मी कचेरीत जाणार. चालता येत नाही त्यांना उचलून नेणार. नियम नाही म्हणाले तर म्हणणार, करा. आणि तो होईपर्यंत आम्ही कुणीही उठणार नाही.