आवाज बंद केलेला सिनेमा

अगं, दारात काय बसतेस पाहुणीसारखी? इकडे ये, जवळ सरक. आणि सिनेमा म्हटलं की लगेच हिरो कोण ते विचारू नकोस. हिरो नव्हताच. सगळ्या नन्स होत्या.

मी तेव्हा पिंपरीच्या एका कंपनीत वेल्फेअर खात्यात क्लार्क. महिन्यातून एकदा कँटीनच्या हॉलमध्ये कामगारांना सिनेमा दाखवायचा. प्रोजेक्टर चालवायला मी नुसती बघून बघून शिकले. त्या खेपेला फिल्म सोसायटीकडून जुनी स्पॅनिश फिल्म आली. मठातली तरुण नन, घरी आई आजारी, जायला परवानगी नाही, एवढीच गोष्ट. परदेशी सिनेमाचा आवाज बंद करून माइकवर मराठीत गोष्ट सांगायची, ही आमची पद्धत. सांगणारी मीच.

पहिलं रीळ संपलं. दुसरं चढवत होते, तर मागच्या बाकावरून मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर उठून आल्या. त्याही ननच, आणि स्पेनच्याच. तरुणपणी इकडे आलेल्या, मराठी मात्र जवळच्या चिखली गावातल्या बायकांकडून शिकलेल्या.

"बाई, आवाज न्हाई का ह्याला?"

"आहे सिस्टर. बंद ठेवलाय."

"माझी भाषा हाय ती. लई वर्सं झाली, कानावर पडली न्हाई."

मी आमच्या खात्याच्या साहेबांकडे गेले. "साहेब, एकच रीळ आवाजासकट लावू?"

"बाई, शिट्ट्या मारून हॉल डोक्यावर घेतील! तुम्ही आपलं बोला."

मी बोलले. पडद्यावर ओठ हलत होते आणि त्यांच्यावर माझा आवाज. शेवटी टाळ्याही पडल्या. मागे पाहिलं, तर सिस्टर निघून गेलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या टेम्पोनं फिल्म परत जायची होती. खेळ झाल्यावर ती पुन्हा चालवायची नाही, असा नियम. ओरखडा उठला तर पुढची फिल्म मिळत नसे. तरीही मी दवाखान्यात निरोप धाडला. सकाळी आठ वाजता सिस्टर आल्या. खिडक्या लावल्या, शेवटचं रीळ चढवलं. फिल्मच्या कडेला एक बारीक पट्टी असते, आवाज तिच्यात असतो. बटण पूर्ण फिरवलं.

पडद्यावर आई लेकीला हाका मारत होती. सिस्टरांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आले गं आई."

रीळ संपलं. मी विचारलं, "कळलं का सगळं?"

"कळलं तर. पन उत्तर द्यायला गेले, तर मराठीच आलं तोंडात. माझ्या भाषेतलं आता काई बोलता यीना मला."

ओढणीसारखं डोक्यावरचं कापड सारखं करून त्या दवाखान्यात गेल्या. ओपीडीची वेळ झाली होती.

साहेब दारातच उभे होते. फिल्मला ओरखडा नव्हता, तरी मला मेमो मिळाला, आणि गोष्ट सांगायचा माइक स्टोअर खात्यातल्या एका क्लार्ककडे गेला. माझं म्हणणं एवढंच, की माइक हातात घेण्याआधी हॉलमध्ये कोण बसलंय ते बघून घ्यावं. मी बघितलं नव्हतं.

निघालीस? बरं. रविवारी ये गं परत. जेवायलाच ये. फोन करायची गरज नाही, मी घरीच असते.