भराभर बोलणारी माय

पोंभुर्ण्याहून चंद्रपूरला जाणारी सकाळची एसटी कधी वेळेवर सुटली असेल तर शप्पथ. माझ्या जायच्या दिवशी मात्र ती अगदी मिनिटाला सुटली. मिलिंद, माझा धाकटा भाऊ, टपावर पेटी चढवून घाईघाईनं खाली उतरला. माय खिडकीखाली उभी होती. आदल्या दिवशी मी चंद्रपुरातून आणलेला टेपरेकॉर्डर तिनं छातीशी धरला होता, कारण घरी ठेवला तर कोणी उचलून नेईल अशी तिला धास्ती. मला रडू फुटलं तशी ती म्हणाली, "तूच रडून राह्यली तं तिथल्या पेशंटायले कशी सांभाळशीन?" गाडी हलली. मी कुवेतला नर्स म्हणून निघाले होते, आणि मायला मी शेवटची पाहिली ती अशी.

बाप मी शिकत असतानाच गेला. माय अंगठा लावणारी. मिलिंद पत्र लिहून देईल, असं मी म्हटलं तर तिला पटेना. "माहं बोलनं मीच बोलन," म्हणाली. म्हणून तो टेप. चार सेलवर चालणारा, आतच माइक असलेला. ती बोलायची, मिलिंद बटणं दाबायचा आणि कॅसेट कापडात शिवून पोस्टात टाकायचा. ती पोचायला महिना लागायचा, कधी त्याहून जास्त.

पहिल्या पगारात मी तिथं वॉकमन घेतला. राखाडी धातूचा, कॅसेटपेक्षा जेमतेम मोठा. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी, ड्यूटीच्या वेळा वेगवेगळ्या, त्यामुळे कोणीतरी कायम झोपलेलं. हेडफोन कानाला लावला की मी धानाच्या बांधावर. त्या यंत्राचं मला काय कौतुक होतं! मायच्या मागं बैल मान हलवून घुंगरं वाजवतो, कोणीतरी हापसा मारतं, सगळं वेगळंवेगळं ऐकू यायचं. वर एक बटण होतं, ते सरकवलं की टेपची खरखर नाहीशी व्हायची. मी ते कायम सरकवूनच ठेवलं. आवाज कसा साफ पाहिजे, असं मी खोलीतल्या पोरींना ऐटीत सांगत असे.

दुसऱ्या वर्षी माय बदलली. म्हणजे तिचा आवाज बदलला. बारीक झाला, तरतरीत झाला, आणि ती भराभर बोलायला लागली. शेतावरच्या बायांच्या गोष्टी, तेंदूपत्त्याच्या वेळची भांडणं, सगळं एका दमात. मला वाटलं, टेपची भीड चेपली. खोलीतली केरळची पोरगी ऐकून म्हणाली, तुझी आई की बहीण? मी हसले. त्याच आठवड्यात माझी गावी जायची सुटी मंजूर झाली होती, आणि वॉर्डातली एक सिनियर नर्स तीच तारीख मागत होती. मी पुन्हा एकदा कॅसेट लावली. "मी बरी आहो, तू आपलं काम कर," माय टणटणीत आवाजात म्हणत होती. मी सुटी त्या नर्सला देऊन टाकली.

दीड महिन्यानं वॉर्डातल्या फोनवर निरोप आला. मी घरी पोचले तोवर सगळे विधी आटोपले होते, पाहुणे परतले होते. शेजारणी सांगत होत्या, पाय सुजले होते, रात्री बसूनच झोपायची. मिलिंद माझ्याशी एकच वाक्य बोलला. "तू तं नर्स आहेस, बाई." दुःखात माणूस काहीही बोलतो, असं मी धरून चालले.

मग तो तसाच राहिला. अकरा वर्षं मी कुवेतला काढली, लग्न केलं, पुण्यात फ्लॅट घेतला, 'मले' जाऊन 'मला' कधी आलं ते कळलं नाही. गावी गेले की भाचरं 'पुन्याची आत्याबाई' म्हणून माझी नक्कल करतात, आणि ती मला आवडते. मिलिंद मात्र जेवायला वाढायचा, एसटीपर्यंत सोडायला यायचा, पण स्वतःहून फोन कधी करायचा नाही. मला वाटायचं, मी सुखात गेले आणि तो चिखलात राहिला, याचा राग असेल. काही अंशी मला तो रास्तही वाटायचा. तिकडं जाऊन आलेल्या माझ्या बाकीच्या मैत्रिणींकडंही असा एखादा भाऊ आहेच. आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि वॉकमन बाहेर काढला. आतला रबरी पट्टा वितळून काळा चिकट लगदा झालेला. पेठेत एक म्हातारे कारागीर अजून ही जुनी यंत्रं दुरुस्त करतात. त्यांनी लगदा स्पिरिटनं पुसला, नवा पट्टा बसवला, हेड साफ केलं आणि तपासायला मी नेलेलीच कॅसेट लावली. मायची ती शेवटची.

थोडा वेळ ऐकून त्यांनी विचारलं, "ताई, या बाई नेहमीच इतक्या घाईत बोलायच्या का हो?"

मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. "यंत्र उत्तम आहे," ते जरा फणकाऱ्यानंच म्हणाले. "रेकॉर्ड करताना सेल उतरलेले होते. टेप हळू फिरली. आता नीट वेगानं फिरते, म्हणून आवाज पळतो. शेवटी तर जास्तच पळतो बघा." शेवटी मिलिंदचं "संपलं, बाई" होतं, लहान पोरासारखं चिरकं. तेव्हा तो चांगला बावीस वर्षांचा, घोगऱ्या आवाजाचा गडी होता. तीस वर्षं मी ते ऐकत आले, आणि मला कधी प्रश्न पडला नाही.

त्यांनी मोटरजवळचा एक बारीक स्क्रू फिरवायला घेतला. म्हणाले, ओळखीचा आवाज आला की सांगा. मिलिंदचा आवाज खाली उतरत उतरत त्याचा स्वतःचा झाला तेव्हा मी थांबा म्हटलं. मग त्यांनी ते खरखर घालवायचं बटण बंद केलं. "यानं खरखर जाते, पण तिच्याबरोबर बारीकसारीक आवाजही जातात." कॅसेट उलटी फिरवून सुरुवातीपासून लावली.

मी. बरी. आहो. तीन शब्दांना तीन श्वास. मधे छातीतून बुडबुड. मी आयुष्यभर स्टेथोस्कोप लावून जे ऐकलं, शिकाऊ पोरींना जे ओळखायला शिकवलं, ते. फुफ्फुसात पाणी भरलेला पेशंट मी दारातून ओळखते. माझी माय मला तासभर तसं ऐकवत होती आणि मी आवाज साफ करून घेतला होता. मी त्या दुकानात स्टुलावर बसून रडले. कारागीर बिचारे पाण्याचा ग्लास घेऊन उभे राहिले.

घरी येऊन मिलिंदला फोन लावला. "जयभीम, बाई," तो नेहमीच्या कोरड्या सुरात म्हणाला. माय इतकी आजारी होती तर मला लिहिलं काऊन नाही, मी विचारलं.

 तो म्हणाला, "मायनं शपथ घातली होती. पन कॅसेट तं पाठवून राह्यलो होतो ना. मले वाटलं, मी नाई सांगितलं तरी तुले ऐकू येइन. तू नर्स आहेस."

म्हणजे तीस वर्षं हा माणूस असं धरून चालला होता की मी ऐकलं, ओळखलं, आणि आले नाही. मी दुसऱ्याच दिवशी रेल्वेचं तिकीट काढलं. एकच गोष्ट पाहिजे होती: मिलिंदला कळावं की माझा दोष नव्हता.

त्याच्या अंगणात बसून मी त्याला आधी ती भराभर बोलणारी माय ऐकवली, मग स्क्रू फिरवून खरी. मिलिंदचे केस आता पांढरे झालेत, कानाला कमी येतं. हेडफोन दोन्ही हातांनी दाबून त्यानं सगळं ऐकलं.

"तुले हे असं आयकू येत होतं," तो म्हणाला. मी हो म्हटलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मग त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "सेल उतरले होते. मी उन्हात ठेवून ठेवून तेच चालवत होतो. नवे होते घरात. मायनं काढू नाई देल्ले. तू येशीन तवा गाने आयकाले लागतीन म्हने."

मी त्याच्या मांडीवरचा हेडफोन उचलून वॉकमनला गुंडाळला.

पुण्याला परतले आणि त्याचे फोन सुरू झाले. जो कधी फोन करत नव्हता तो दर दोन दिवसांनी. हवापाणी विचारायचा, आणि मग तेच. "बाई, मी तिचं न आयकता नवे सेल टाकले असते तं तू आली असती?" त्याची सून सांगते, बाबा धड जेवत नाहीत. मी आधी समजूत घातली, मग रागावले, मग विषय बदलून पाहिला. त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. माझ्यावर रागावून तो तीस वर्षं जगला, शेती केली, पोरं शिकवली. तो राग मी पुराव्यासकट काढून घेतला आणि हातात हे दिलं.

मागच्या रविवारी त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "नसते आले. खरं सांगू? तुझी बायको म्हणाली नाही का कधी, मी आधीपासून अशीच. मला पुढचं कॉन्ट्रॅक्ट पाहिजे होतं. आवाज कसाही आला असता तरी मी सुटी घेणार नव्हते."



"असं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. सुनेचा मेसेज आला, बाबा आज बांधावर गेले, दोन भाकरी खाल्ल्या. मला कोणी विचारलं की तुमचं गाव कुठलं, तर मी पोंभुर्णा सांगते. घर म्हणाल तर एवढंच उरलंय: तिथं एक माणूस माझ्यावर रागावलेला आहे, आणि तो जेवतो.