गुलाबी डोबोक

बायकोचा लाल पट्टा वॉशिंग मशीनमध्ये मी टाकला होता. आजवर हे कुणालाच सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच.

आम्ही बजाजनगरला राहतो, मी वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर. मुलीला कॉलनीच्या हॉलमध्ये तायक्वांदोला घातलं, तर मुलगी कंटाळली आणि तिला सोडायला जाणारी तिची आईच तिथं रमली. चाळिशीला आलेली बाई. मी हसलो होतो.

"लाथा मारायला शिकून काय करणारेस?"

"तुम्हाला नाय मारणार, भिऊ नका."

मग घरात तो पांढरा गणवेश आला. डोबोक म्हणतात त्याला. पँटची उंची तिनं शहागंजातल्या शिंप्याकडून कमी करून आणली. आमचे सगळ्यांचे कपडे एकत्र मशीनला. डोबोक मात्र एकटा, हातानं धुवायचा, आणि वाळत घालायचा तोही दोरीच्या पार टोकाला. पट्टा तर धुवायचाच नाही, अशी त्यांची रीत. त्यातला घाम म्हणजे केलेली मेहनत, ती कशी धुवायची? दारामागच्या खुंटीवर तो टांगलेला असायचा. एकेका परीक्षेगणिक पांढऱ्याचा पिवळा झाला, मग हिरवा, निळा, लाल. मी तोच होतो, त्याच लेथवर, त्याच खाकी शर्टात. सांगायला लाज वाटते, पण मला एका कपड्याचा हेवा वाटायचा. माझा शर्ट तिनं इतक्या हळुवार कधी झटकला नव्हता.

कारखान्यात पोरं विचारायची, "काय भाऊ, वहिनींनी आज जित्तं सोडलं का?" मी तिथं हसायचो आणि घरी येऊन तिच्याशी बोलायचो नाही.

छातीवर बांधायचं एक जाड गार्ड असतं. त्याच्या नाड्या पाठीमागं. आपल्या आपल्याला बांधता येत नाहीत. नवं आणलं तेव्हा ते घालून ती माझ्याकडं पाठ करून उभी राहिली.

"अहो, जरा आवळा ना."

"तुझ्या सरांकडून घे आवळून."

सर म्हणजे पंचविशीचा पोरगा, तिला ताई म्हणणारा. तिनं मुलीला हाक मारली.

काळ्या पट्ट्याची परीक्षा जवळ आली, तेव्हा एका संध्याकाळी मी तिला आणायला हॉलवर गेलो. तिनं मला दारात पाहिलं आणि सरळ पाठ फिरवून पट्टा सोडून पुन्हा बांधायला लागली. भिंतीला टेकून कॉलनीतल्या बाया बसलेल्या, सगळ्या बघत होत्या. मी बाहेर गाडीपाशी येऊन उभा राहिलो. चारचौघांत नवऱ्याला पाठ दाखवते, म्हणजे झालंच की आता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी घाईघाईत तिनं डोबोक एकटाच मशीनला लावला आणि डब्याचं बघायला आत गेली. मी खुंटीवरचा पट्टा काढला, पँटच्या पायात सरकवला, झाकण लावलं.

डोबोक बाहेर आला तो गुलाबी. मीठ झालं, लिंबू झालं, उकळतं पाणी झालं. दुसरा नव्हता. "माझंच ध्यान नव्हतं, पँटीतच राहिला असंल," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी चहा पीत होतो.

परीक्षेला मी गेलो. खोटं कशाला बोलू, ती नापास होताना बघायला गेलो. पांढऱ्या रांगेत ती एकटी गुलाबी. परीक्षकांनी विचारलं, तशी ती खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या निष्काळजीपणानं झालं, सर." सुरू होण्याआधी हुकूम झाला, पट्टे नीट करा. आणि अख्खी रांग परीक्षकांकडं पाठ करून वळली, पट्टे सोडले, बांधले, परत फिरली.

"हे पाठ का दाखवतात गं?" मी शेजारी बसलेल्या मुलीला विचारलं.

"पप्पा, मोठ्यांच्या तोंडावर पट्टा सोडत नसतात. मान असतो तो."

त्या संध्याकाळी हॉलच्या दारात मी एकटाच उभा होतो. मान माझा होता.

ती पास झाली. काळ्या पट्ट्याचा डोबोक वेगळा, काळ्या गळपट्टीचा. गुलाबी रोजच्या सरावाला घालते. बाया चिडवतात, तीही हसते. पण मशीन लावण्याआधी अजून आत हात फिरवून बघते. "माझा काय भरवसा नाय," म्हणते.

गार्डच्या नाड्या आता मीच आवळतो. ती पाठमोरी असते, तोंड दिसत नाही, तेव्हा बोलणं सोपं जायला हवं. गाठ बसते. "झालं का?" ती विचारते. "झालं," मी म्हणतो.

पट्टा तुझ्या हातून राहिला नव्हता, तो मी टाकला होता, हे तिला तोंडानं सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे. तेवढं मी तिचं देणं लागतो.